पोटातलं ओठांवर : कोल्ड्रिंक प्यायलं की पोट का रुसतं?

ऊन इतकं वाढलंय की नाशकात दुपारी सीबीएसला बसची वाट बघत उभं राहिलं तर दर तिसऱ्या माणसाच्या हातात बाटली दिसते, आणि गंमत म्हणजे माझ्याकडे आलेल्या पत्रांमधेही दर तिसरं पत्र बाटलीचंच आहे. म्हणून म्हटलं यावेळी केस गळणं, वजन, बीपी सगळं राहू दे, फक्त कोल्ड्रिंक, सोडा, ज्यूस आणि त्यात जे काय काय घातलेलं असतं तेवढ्यावरच बोलू. नावं कोणाचीच छापत नाहीये. पोटाच्या तक्रारी लोक फार मोकळेपणाने लिहितात आणि मग कंपनीच्या कॅन्टीनमधे ओळखले जातात, असं एकदा झालंय.

प्रश्न : ताई, मी सातपूर एमआयडीसीत शिफ्टला आहे, वय ३४. चहाने ॲसिडिटी व्हायची म्हणून सहा महिन्यांपूर्वी चहा सोडला, त्याजागी दुपारी एक अर्ध्या लिटरचं कोल्ड्रिंक आणि नाईट असली की रात्री दोनला अजून एक. बहुतेक काळंवालं, कधी लिंबाचं. आता पोट इतकं फुगतं की पँटचं बटण उघडावं लागतं, मग पळापळ, कधी पातळ कधी अर्धवट. सोनोग्राफी, दुर्बीण, रक्त सगळं करून झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. बायको म्हणते त्यात केमिकल असतं, ते बंद करा. नेमकं कोणतं केमिकल?

दादा, वहिनी बरोबर बोलतायत पण नुसतं "केमिकल" म्हणणं म्हणजे एफआयआरमधे "अज्ञात इसम" लिहिण्यासारखं आहे, त्याने आरोपी सापडत नाही. त्या बाटलीत एकटा कोणी नाहीये, चार-पाच जण बसलेत आणि प्रत्येकाची त्रास द्यायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकेकाला बोलवून विचारावं लागेल.

पहिला गॅस. कार्बन डायऑक्साइड दाबून पाण्यात विरघळवलेला असतो, बाटली गार आणि बंद असते तोवर तो गप्प बसतो, पोटात गेला की तिथे ३७ डिग्री, दाब नाही, मग तो सुटतो आणि जठर ताणतं. धडधाकट माणूस एक मोठा ढेकर देतो आणि विसरतो. पण ज्याचं पोट हळवं आहे त्याच्या आतड्यातल्या नसा तेवढाच ताण जास्त मोठ्याने मेंदूला कळवतात, म्हणजे गॅस दोघांच्या पोटात सारखाच, एकाला काही नाही आणि दुसऱ्याला कळ येते. शिवाय जठर असं ताणलं की वरची झडप मधूनच सैल पडते आणि आंबट वर येतं.

दुसरी साखर, आणि माझा जास्त संशय हिच्यावर आहे. आपल्याकडच्या साध्या कोल्ड्रिंकमधे १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे तुमच्या अर्ध्या लिटरमधे ५० ग्रॅमच्या वर, चमच्यात मोजली तर दहा चमचे. घरी कोणी चहात दहा चमचे टाकले तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज शोषून घ्यायची आतड्याची ताकद माणसागणिक कमी-जास्त असते. उपाशीपोटी, गारेगार, दोन मिनिटांत अर्धा लिटर ओतलं तर काही जणांमधे त्यातलं थोडं न शोषताच खाली मोठ्या आतड्यात जातं, जाताना पाणी ओढून नेतं, आणि खाली बसलेल्या जंतूंची तर पंगतच, ते त्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन वगैरे वायू सोडतात. म्हणजे प्यायल्याबरोबर फुगलं तर तो बाटलीतला गॅस, आणि तासा-दीड तासाने गुरगुरायला लागलं तर तो तुमच्याच आतड्यात तयार झालेला. ही वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा, खूप कामाला येते. (अमेरिकेतली माहिती वाचून मक्याच्या सिरपला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात, पण ते सिरप तिकडच्या बाटल्यांमधे, आपल्याकडे मुख्यतः उसाचीच साखर असते. तीही काही साव नाही.)

तिसरं कॅफिन. इथे मला हसू आलं, रागावू नका. काळ्या कोल्ड्रिंकमधे १०० मिलीला साधारण १० मिलीग्रॅम कॅफिन असतं, अर्ध्या लिटरला पन्नासेक, म्हणजे टपरीवरच्या एक-दीड कटिंगएवढं. तुम्ही चहाला पुढच्या दाराने घालवलंत आणि त्याचं कॅफिन मागच्या दाराने साखर-गॅससकट घरात घेतलंत! कॅफिनने जठरातलं ॲसिडही वाढतं आणि मोठं आतडंही हलायला लागतं, सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय ज्यांचं गाडं पुढे सरकत नाही त्यांना हे सांगायला नको. लिंबाच्या पांढऱ्या कोल्ड्रिंकमधे सहसा कॅफिन नसतं, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथं ॲसिड, काळ्यात फॉस्फोरिक म्हणजे लेबलवरचा ३३८ नंबर, लिंबाच्यात सायट्रिक म्हणजे ३३०. त्यात खिळा विरघळतो, दात विरघळतो असे व्हिडिओ सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलेत. काळ्या कोल्ड्रिंकचा पीएच अडीचच्या आसपास असतो हे खरं, पण तुमच्या जठरातलं स्वतःचं ॲसिड तेवढंच किंवा त्याहून कडक असतं, तेव्हा जठराला भोक वगैरे पडत नाही. दातांना मात्र लागतं, आणि ज्यांना आधीच छातीत जळजळतं त्यांच्या अन्ननलिकेलाही, कारण तिला जठरासारखं अस्तर नाही.

आणि पाचवे ते वहिनींचे केमिकलवाले, सोडियम बेंझोएट २११, कॅरॅमल रंग १५०डी वगैरे. यांचं प्रमाण अगदी कमी असतं. काही थोड्या लोकांना बेंझोएटने पित्त उठतं, गांधी येतात, दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो, पण पोट फुगून पळापळ होण्याचा दोष यांच्या माथी मारायला फारसा पुरावा नाही, त्यामुळे माझ्या यादीत ते सगळ्यात शेवटी.

आता शोधायचं कसं. पहिले दहा दिवस बाटली पूर्ण बंद. दोन-तीन दिवस डोकं दुखेल, ते कॅफिन सुटल्याचं, घाबरू नका. दहा दिवसांनीही पोट तसंच राहिलं तर बाटली निर्दोष, मग बाकीच्या जेवणाकडे वळा. बरं वाटलं तर जेवणानंतर नुसता साधा सोडा २०० मिली, बिनमिठाचा बिनलिंबाचा, दोन दिवस घेऊन बघा. मग दोन दिवस सुट्टी. मग काळं कोल्ड्रिंक आदल्या रात्री पसरट पातेल्यात ओतून फ्रीजमधे ठेवा, सकाळपर्यंत गॅस उडून जातो, ते २०० मिली घ्या, चव खोकल्याच्या औषधासारखी लागते पण इलाज नाही. परत सुट्टी, आणि मग तसंच गॅस उडवलेलं लिंबाचं. साध्या सोड्याने फुगलात तर गॅस दोषी. गॅस उडवलेल्या दोन्हींनी बिघडलं तर साखर. फक्त काळ्याने बिघडलं आणि लिंबाच्याने नाही, तर कॅफिन. एकापेक्षा जास्त जण मिळालेले असू शकतात, पण निदान कळेल तरी. हे सगळं डे शिफ्टच्या आठवड्यात करा, कारण रात्री दोनला आतडं अर्धं झोपलेलं असतं, तेव्हा केलेली परीक्षा धरायची नाही.

आणि ते "सगळं नॉर्मल". रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुम्ही नाटक करताय असं नाही. आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे हळव्या आतड्याचा आजार) दुर्बिणीत दिसतच नाही, लक्षणांवरून ओळखतात. त्यासाठी जगभरचे डॉक्टर जे रोम निकष वापरतात, त्या २०१६ च्या निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोटात दुखतंय, ते दुखणं शौचाशी जोडलेलं आहे, शौचाला किती वेळा जावं लागतं ते बदललंय, शौचाचा प्रकार बदललाय या तिन्हीतल्या निदान दोन गोष्टी आहेत, आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची आहे, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की हे आयबीएस आहे का. पण वजन आपोआप उतरत असेल, शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं जात असेल, झोपेतून उठून पळावं लागत असेल, ताप असेल, घास अडकत असेल, तर ही पातेल्याची प्रयोगशाळा बंद करून सरळ दवाखाना.

प्रश्न : मी प्रेसमधून रिटायर, राहणार नाशिकरोड, वय ६६, आठ वर्षं डायबेटिस. साखर टाळतो म्हणून शुगर फ्री कोल्ड्रिंक, शुगर फ्री बिस्किट, शुगर फ्री पेढे, तोंडात शुगर फ्री गोळी असं सगळं शुगर फ्रीच चालतं. तरी दिवसभर वारं सरतं आणि सकाळी तीन-चार वेळा जावं लागतं. नातू जवळ बसत नाही. साखर नसून असं का?

काका, नातवाचं वाचून वाईट वाटलं पण हसूही आलं. "शुगर फ्री" या एका पाटीखाली दोन वेगळी घराणी राहतात, त्यांची गल्लत होते. एक घराणं ॲस्पार्टेम ९५१, एसेसल्फेम ९५०, सुक्रालोज ९५५ यांचं, ही इतकी गोड की चिमूटभरात काम होतं, पोटात पाणी ओढायला पुरेल एवढी ती जातच नाहीत. शुगर फ्री कोल्ड्रिंकमधे बहुतेक हीच. दुसरं घराणं सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७ यांचं, ही ग्रॅमवारी घालावी लागतात, बिस्किटाला, पेढ्याला, गोळीला आकारमान देतात, आणि आतडं ती अर्धवटच शोषतं. उरलेली खाली जाऊन पाणी ओढतात आणि आंबतात. सॉर्बिटॉल पाच-दहा ग्रॅम झालं की बऱ्याच जणांना गॅस, वीसच्या आसपास गेलं की जुलाब. म्हणून तर पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पॉलिऑल्समुळे (म्हणजे याच दुसऱ्या घराण्यामुळे) जुलाबासारखा परिणाम होऊ शकतो. ती ओळ वाचायला चष्मा नव्हे भिंग लागतं ते सोडा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. मला स्वतःला एक वर्ष असंच झालं होतं, सिन्नरला आठवड्यातून तीनदा शिकवायला जायचे, जाता-येता घसा ओला ठेवायला शुगर फ्री मिंटची अख्खी डबी फस्त, आणि वर्गात उभी असताना पोटात जे आवाज व्हायचे ते पहिल्या बाकापर्यंत जायचे. मी आपली कांदा बंद, वाटाणा बंद, दूध बंद करत बसले, डबी उलटी करून वाचायची अक्कल सुचली ती फार उशिरा. आणि मी तरी बरी, २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे बर्लिनच्या डॉक्टरांनी एका २१ वर्षांच्या मुलीची केस छापली होती, सततचे जुलाब, ११ किलो वजन उतरलेलं, सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघालं काय तर ती रोज पंधराएक शुगर फ्री च्युइंगगम चघळायची. गम बंद, जुलाब बंद.

पण काका, तुम्ही एक लिहिलंच नाहीत, गोळी कोणती चालू आहे. मेटफॉर्मिन असेल, आणि आपल्याकडे बहुतेकांना तीच असते, तर तिनेही पोट बिघडतं, गॅस होतो, सकाळची धावपळ होते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, हात जोडते. जेवणाबरोबर घेताय ना ते बघा आणि डॉक्टरांना विचारा की हळूहळू सुटणारी गोळी चालेल का, पुष्कळांना त्याने फरक पडतो. तोपर्यंत पेढे आणि तोंडातली गोळी बंद, दोन आठवड्यांनी कळवा. ॲस्पार्टेमने कॅन्सर होतो का असंही तुम्ही खाली पेनाने लिहिलंय. २०२३ मधे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने त्याला "कदाचित" या गटात टाकलं हे खरं, पण त्याच वेळी दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा आहे तीच ठेवली, वजनाच्या किलोमागे ४० मिलीग्रॅम. तुम्हाला रोज कॅनच्या कॅन प्यायचे नाहीयेत, तेव्हा तुमच्या पोटाच्या यादीत तो प्रश्न खूप खाली.

प्रश्न : मुलगी चार वर्षांची, रोज शाळेतून आली की आंब्याचं टेट्रापॅक हवंच, नाहीतर रडून घर डोक्यावर. रोज पोट दुखतं म्हणते, शी पातळ. पिवळ्या रंगामुळे असेल का? पाथर्डी फाटा.

रंगामुळे पोटात दुखण्याची शक्यता कमी वाटते. टारट्राझिन १०२, सनसेट यलो ११० या रंगांवर २००७ मधे इंग्लंडमधे साउथॅम्प्टनला अभ्यास झाला तो मुलांच्या चंचलपणावर होता, पोटावर नाही, त्यानंतर युरोपात असे रंग असलेल्या पाकिटांवर इशारा छापायला लागले. आपल्याकडे खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. तेव्हा रंग वाईट वाटत असेल तर टाळा, मीही टाळते, पण पोटासाठी दुसरीकडे बघा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, पहिलं पाणी, मग साखर किंवा आंब्याचा गर. "फ्रूट ड्रिंक" म्हणवून घ्यायला फळ दहा टक्के असलं तरी भागतं. लहान मुलांना फळांच्या रसाने पातळ शी होणं हे इतकं नेहमीचं आहे की बालरोगतज्ज्ञ आधी तेच विचारतात. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं की दोन वर्षांखाली ज्यूस नकोच, दोन ते पाच वयात दिलाच तर दिवसाला १२५ मिलीपर्यंत, आणि तो ताजा. एकदम तोडलंत तर घर परत डोक्यावर जाईल, म्हणून रोजचं अर्धं पेल्यात, अर्धं पाणी, पुढच्या आठवड्यात पाव. आणि आता आंबे आलेतच, मे महिन्यात नाशकात बसून आंब्याचं टेट्रापॅक प्यायचं हे मला तर पटतच नाही, एक फोड कापून द्या ना हातात! मात्र रात्री दुखण्याने उठत असेल किंवा वजन वाढत नसेल तर डॉक्टर.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी गोल्फ क्लबवर रनिंग. सगळी पोरं वीस रुपयेवाली एनर्जी ड्रिंक मारून पळतात म्हणून मी पण. तिसऱ्या राउंडला पोटात पिळतं आणि मळमळ. स्टॅमिना कमी आहे का?

स्टॅमिन्याचं काही नाही रे, तू पेट्रोलच्या जागी पाक भरतोयस. एनर्जी ड्रिंकमधे कॅफिन कोल्ड्रिंकच्या जवळपास तिप्पट, आपल्या नियमांप्रमाणे लिटरला ३०० मिलीग्रॅमपर्यंत चालतं, आणि वर साखर. पळताना रक्त पायांकडे जातं, पोटाकडे कमी येतं, अशा वेळी दाट गोड पाणी जठरातून पुढे लवकर सरकत नाही, तिथेच डचमळत राहतं, त्यात गॅस, त्यात कॅफिनने आतडं घाईला आलेलं. पिळणार नाही तर काय. बाटलीवरच लिहिलंय बघ, मुलांनी, गरोदर बायकांनी, कॅफिन सोसत नसणाऱ्यांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं आणि दोन-चार घोट पाणी, पळून झालं की लिंबू सरबत मीठ घालून. छातीत धडधड झाली असेल तर ते घरच्यांना आणि डॉक्टरांना सांग, पोरांना नको.

प्रश्न : पंचवटीतून आजी लिहिते आहे, म्हणजे नात लिहिते आहे. वय ७१, बीपी आहे. रात्री जेवल्यावर मसाला सोडा नाहीतर पाण्यात फसफसणारी पावडर घेतल्याशिवाय झोप येत नाही. ढेकर आला की बरं वाटतं. रोज घेतलं तर चालेल का?

आजी, ढेकर येतो तो बराचसा सोड्याचाच गॅस, सोडा पाहुणा घेऊन येतो आणि तोच त्याला दारापर्यंत सोडतो, आपल्याला वाटतं घर रिकामं झालं. तरी तुम्हाला बरं वाटतं हे मी खोटं म्हणत नाही. २००२ मधे इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी अपचन आणि बद्धकोष्ठ असलेल्या थोड्या पेशंटना पंधरा दिवस बुडबुड्यांचं पाणी देऊन पाहिलं तर त्यांना साध्या पाण्यापेक्षा जास्त आराम पडला होता. म्हणजे नुसता सोडा हा सगळ्यांचाच शत्रू नाही. तुमच्याबाबतीत माझी अडचण वेगळी आहे, मीठ. मसाला सोड्यात काळं मीठ, ते नावाला काळं, आत सोडियम तेच, आणि फसफसणाऱ्या पावडरीत तर खाण्याचा सोडाच असतो, त्यातही सोडियम. बीपीच्या माणसाने हे रोज रात्री घेणं बरं नाही. जेवण थोडं आधी, झोपायच्या निदान दोन-तीन तास आधी घ्या, उशाखाली उशी चढवण्यापेक्षा पलंगाचा डोक्याकडचा भाग विटेवर उचलून घ्या. आणि एक गोष्ट नातीने नीट वाचून दाखवायची : तुमच्या वयात छातीत भरून येणं, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात दुखणं, चालताना जळजळ आणि थांबलं की कमी, हे झालं तर सोडा घेऊन ढेकराची वाट बघत बसायचं नाही, लगेच ईसीजी. "गॅस झालाय" म्हणत सकाळपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रश्न : तुम्ही कंपन्यांच्या बाजूने लिहिता असं वाटतं. २००३ मधे कोल्ड्रिंकमधे कीटकनाशकं सापडली होती हे विसरलात का?

नाही विसरले. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १२ ब्रँड तपासून ते बाहेर काढलं, मग संसदेची संयुक्त समिती बसली, अध्यक्ष शरद पवार, २००४ मधे समितीनेही निष्कर्ष बरोबर ठरवले. ते प्रकरण गंभीर होतंच. पण ते वर्षानुवर्षं शरीरात साठणाऱ्या विषाचं प्रकरण होतं, सातपूरच्या दादांचं बटण तासाभरात उघडावं लागतं त्याचं उत्तर त्यात नाही. आणि बाजूने म्हणाल तर दहा चमचे साखर मोजून दाखवल्यावर कोणती कंपनी मला दिवाळीचा फराळ पाठवणार आहे?

प्रश्न : जुलाब लागल्यावर गॅस काढलेलं लिंबाचं कोल्ड्रिंक द्यावं असं सासूबाई म्हणतात.

नको. साखर इतकी जास्त आणि मीठ इतकं कमी की जुलाब वाढू शकतात. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात नावात ओआरएस असलेली गोड टेट्रापॅक बरीच वर्षं मिळायची, २०२५ च्या ऑक्टोबरमधे एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, तसं नाव वापरायला मनाई केली, तरी घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघाच. आणि गाड्यावरचा सोडा किंवा उसाचा रस प्यायल्यावर त्याच रात्री उलट्या-जुलाब-ताप असेल तर लेबल वाचत बसू नका, ते जंतूंचं काम, बहुधा बर्फातून. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा असा महाराष्ट्रात २०१८ पासून नियम आहे, रसवाल्याच्या पेटीत निळी लादी दिसली तर पुढे चालू लागा.

प्रश्न : रविवारी मिसळ खाल्ली आणि त्यावर कोल्ड्रिंक घेतलं की माझं पोट हमखास बिघडतं. कोल्ड्रिंक सोडलं, तरी बिघडतं! आता काय सोडू? गंगापूर रोड.

अहो, मग बाटलीला सोडून द्या बिचारीला, ती यात फक्त शेजारी बसली होती. कांद्यात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, ती कोणाच्याच आतड्याला पचत नाही, हळव्या पोटाला जरा जास्त कळते इतकंच. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने आयबीएससाठी जो आहार मांडला त्यात कांदा-लसूण बंदच्या यादीत अगदी वर आहेत, आणि आपण राहतो लासलगावच्या शेजारी. मिसळीत वर कच्चा कांदा, रश्श्यात शिजलेला कांदा-लसूण, मटकीत वेगळ्या जातीच्या न पचणाऱ्या साखरा, पावात परत फ्रुक्टन, म्हणजे एका ताटात सगळी भावकी जमली. मिसळ सोडा असं नाशिककराला सांगायची माझी हिंमत नाही. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही, म्हणून वरची तर्री त्या बाबतीत निर्दोष, रस्सा दोषी (तर्रीतलं तिखट काय करेल ते तुमचं तुम्ही बघा). घरी करताना मटकी उकडून ते पाणी फेका, फोडणीत आख्खा कांदा तेलात परतून बाहेर काढा, वर कच्च्या कांद्याऐवजी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात चिरून घाला, पांढरा भाग नको. हॉटेलात कांदा वेगळ्या वाटीत मागा आणि शेजारच्याकडे सरकवा, दुसरा रस्सा मागू नका, पाव दोनच. आणि तिसरा आठवडा झाला की मला लिहा, पण "मिसळ" असं मोघम नको, वाट्या मोजून.